दारातली घाणेरी ठेवू की काढू?

तगर:
नमस्कार मंडळी. बागेचे धागे नेहमी वाचते पण स्वतः लिहायची ही पहिलीच वेळ, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या अलीकडे. नऊ गुंठे जागा, मागे लगेच डोंगर चढतो आणि वर गावची देवराई. बारा वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा सासूबाईंनी पुण्यातल्या एका नर्सरीतून लँटानाची आठ रोपं आणून ओट्यासमोर लावली, म्हणजे आपली घाणेरीच पण ती शोभेची, एकाच गुच्छात पिवळा आणि गुलाबी. आता तिचं छातीएवढं दाट कुंपण झालंय. पाणी नाही, खत नाही, तरी बारा महिने फुलं. सासूबाई आता ८४ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे ओट्याच्या पलीकडे जाणं होत नाही, सकाळचा चहा झाला की खुर्ची टाकून तिथेच बसतात आणि फुलपाखरं बघतात. ते मोठं काळंनिळं ब्ल्यू मॉरमॉन आलं की मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावतात.

आता अडचण सांगते. गेल्या आठवड्यात देवराईत नारळ द्यायला गेलो होतो, तिथल्या मोठ्या उंबराखाली घाणेरीची गुडघ्याएवढी रोपं दिसली, मोजली तर चाळीसच्या वर भरली. आम्ही दरवर्षी जातो त्यामुळे मला पक्कं आठवतंय, घर बांधलं त्या वर्षी तिथे एकही नव्हतं. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे.

आणि दुसरं म्हणजे मार्चमध्ये मी कुंपण छाटलं आणि फांद्या बाहेर ओढ्याच्या कडेला टाकल्या. शेजाऱ्यांच्या वासराने त्या खाल्ल्या. तीन आठवडे आजारी होतं, डोळे पिवळे, नाकावरची कातडी सोलून निघाली. वाचलं, पण त्यांच्या घरी जायला मला अजून अवघड वाटतं.

काढायचं म्हटलं तर सासूबाईंच्या डोळ्यासमोरून काढायचं. ठेवायचं म्हटलं तर ते उंबराखालचं दिसत राहतं. तुम्ही काय केलं असतं?

मातीतला:
ताई एवढं मनाला लावून घेऊ नका. घाणेरी काय तुम्ही आणली नाही, आमच्याकडे पुरंदरात बांधावर आज्याच्या वेळेपासून आहे. शेरडं-गुरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लोकं मुद्दाम ठेवतात, तारेचं कुंपण करायचं म्हटलं तर खर्च बघा किती येतो. वासराचं वाईट झालं पण ते छाटलेलं बाहेर टाकल्यामुळे झालं, झाडामुळे नाही. आणि खरं सांगायचं तर तुमची आठ झाडं काढून डोंगर मोकळा होणार आहे का?

सह्यभटक्या:
मातीतला दादा, आज्याच्या वेळेपासून आहे हे बरोबर पण त्याच्या आधीचं बघू. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली, उष्ण भागातली. इंग्रजांच्या काळात १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेचं झाड म्हणून आणली, मग बंगल्यांच्या कुंपणाला लागली आणि तिथून सुटली. म्हणजे आज जंगलात जी माजलीय ती सगळी कोणाच्या ना कोणाच्या बागेतूनच बाहेर पडलेली आहे. २०२० साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी जो हिशोब मांडला त्यात देशातल्या वाघांच्या पट्ट्यातल्या जंगलांपैकी १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटरवर घाणेरी आहे असं आलं, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आहे, त्याचा निम्मा धरा.

मी ट्रेकला जातो तेव्हा जिथे घाणेरी दाट आहे तिथे मुद्दाम वाकून खाली बघतो, गवत नाही, करवंदाचं पिल्लू नाही, ऐनाचं रोप नाही. सावलीही दाट आणि पानामुळांतून जे मातीत उतरतं त्यानेही बाकीच्यांची वाढ खुंटते. गवत गेलं की गव्याला, भेकराला, गावच्या गुरांना काय राहतं? उन्हाळ्यात तीच वाळकी झुडपं पेटली की जमिनीवरचा वणवा झाडांच्या फांद्यांना जाऊन भिडतो.

ताई, तुमची रोपं उंबराखालीच का मिळाली त्याचं कारण सरळ आहे. बुलबुल तुमच्याकडची काळी फळं खातो, उंबरावर जाऊन बसतो आणि बी तिथे टाकतो. चांगलं वाढलेलं एक झुडूप वर्षाला बारा हजारांपर्यंत बिया देतं असं सांगतात. मात्र एक प्रामाणिकपणे सांगतो, ती चाळीस रोपं तुमच्याच झुडपाची आहेत हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, खाली रस्त्याच्या कडेलाही घाणेरी असेलच. तरी सगळ्यात जवळची आणि बारा महिने फळणारी तुमचीच आहे.

शेवंती:
माझ्याकडे ठाण्यात बाल्कनीत दोन कुंड्या आहेत म्हणून विचारते. मी गुच्छ सुकला रे सुकला की खुडून टाकते, फळ धरूच देत नाही. तगरताईंना असं करता येणार नाही का? सासूबाईंचं वय बघता एकदम उपटून टाकणं माझ्या जिवावर आलं असतं.

तगर:
शेवंती, दोन कुंड्यांचं होतं गं. इथे चाळीस फूट लांब कुंपण आहे, पावसाळ्यात आठवडाभर नाही बघितलं की हिरव्या फळांचे घोसच्या घोस. गेल्या वर्षी करून बघितलं, ऑगस्टमध्ये हात टेकले. शिवाय हात लावला की काटे आणि तो वास.

टँपाकर:
मी फ्लोरिडात असतो, इथे हाच प्रश्न मोठा आहे. इथल्या विद्यापीठाने बी न धरणाऱ्या लँटानाच्या जाती काढल्यात, ब्लूमिफाय नावाने मिळतात, लाल आणि गुलाबी. त्याआधी दुकानात बिनबियांची म्हणून विकली जाणारी बरीच झाडं खरं तर फळत होती किंवा त्यांचे परागकण दुसऱ्यावर जाऊन बी तयार होत होतं. फ्लोरिडाची स्वतःची एक दुर्मिळ देशी लँटाना आहे, तिच्याशी बागेतल्या लँटानाचा संकर होऊन मूळ जातच हरवत चाललीय. त्यामुळे आता इथे जाणकार लोक विचारतात की फळ धरत नाही हे ठीक, पण परागाचं काय? भारतातल्या नर्सरीत पाटी नसताना कोणी हायब्रीड आहे, बी येत नाही असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका, घरी आणून एक सीझन बघा. काळं फळ दिसलं की उत्तर मिळालं.

शेवंती:
हे वाचून आत्ता बाल्कनीत जाऊन बघून आले. एका कुंडीत मागच्या बाजूला, ग्रिलकडे, सात काळी फळं होती. मला वाटत होतं मी सगळी खुडतेय.

फुलपाखरूवेडा:
सासूबाईंच्या फुलपाखरांबद्दल लिहितो कारण या धाग्यातला खरा गुंता तो आहे असं मला वाटतं. लँटानावर फुलपाखरं येतात हे शंभर टक्के खरं, म्हणून तर बटरफ्लाय गार्डनवालेसुद्धा ती लावतात. छोट्या छोट्या नळ्यांची फुलं, प्रत्येकीत थोडा थोडा मध, उभं राहायला सपाट गुच्छ. कधी निरखून बघा, नुकतं उमललेलं फूल पिवळं असतं आणि नंतर गुलाबी होतं, फुलपाखरं बरोबर पिवळ्यावरच सोंड घालतात कारण मध तिथे असतो.

पण हे झालं हॉटेल. फुलपाखराचं घर वेगळं असतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्ल्यू मॉरमॉन, २०१५ साली तो मान मिळाला, ते अंडी घालतं लिंबाच्या कुळातल्या झाडांवर, जंगलात माकडलिंबू आणि घरी साधं कागदी लिंबू. पानफुटीवर रेड पिएरो, रुईवर प्लेन टायगर, कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन. आपल्याकडच्या या ओळखीच्या फुलपाखरांपैकी एकाचीही अळी घाणेरीवर वाढत नाही. आणि घाणेरीने जर देवराईतलं माकडलिंबू दाबून टाकलं तर ओट्यासमोर कितीही फुलं असली तरी मॉरमॉन येणार कुठून?

मधासाठी पर्याय भरपूर आहेत. साधा जुना लाल एक्झोरा लावा, मॉरमॉनला फार आवडतो. पेंटास लावा, तो आफ्रिकेकडचा आहे पण जंगलात पळून जात नाही. देशी हवं असेल तर भारंगी आणि दिंडा, दिंड्याला बारीक फुलं आली की काय काय गोळा होतं ते बघाच. खुळखुळ्याचं बी टाका, टायगर जातीची फुलपाखरं त्यासाठी वेडी होतात. ओट्याजवळ एक लिंबू आणि एक कढीपत्ता, म्हणजे सासूबाईंना अळ्यापण बघायला मिळतील.

कोकणातली:
स्टॅकी राहिली की हो. जांभळी दांडी येते ती. सगळ्यात जास्त फुलपाखरं तिच्यावर येतात, काडी खोचली तरी लागते.

फुलपाखरूवेडा:
काडी खोचली तरी लागते हीच तर भीती आहे. ती पण अमेरिकेतलीच आणि सह्याद्रीत ठिकठिकाणी रानात सुटलेली आहे. एक काढून दुसरं तसलंच नको.

कोकणातली:
अगं बाई, हे माहीत नव्हतं. मग माझ्या विहिरीवर पिवळ्या फुलांचं वेडेलिया पसरलंय तेपण त्यातलंच असणार. काकांनी पाच-सहा वर्षांपूर्वी एक वाफा लावला, आता विहिरीची कड, पाट, सुपारीच्या बुडापर्यंत सगळीकडे तेच, दिसायला हिरवंगार म्हणून कोणी काही बोलत नाही, पण तिथे आधी जो ब्राह्मीचा पट्टा होता तो गेला. मी दोनदा उपटलं, कांडं मातीत राहिलं की परत.

सह्यभटक्या:
हो, वेडेलिया त्यातलंच. जगातल्या १०० सगळ्यात त्रासदायक आक्रमक जातींची एक यादी आहे, त्यात घाणेरी, वेडेलिया, जलपर्णी, रानमोडी आणि सुबाभूळ, पाचही आहेत. जलपर्णीसुद्धा तिच्या जांभळ्या फुलासाठीच जगभर नेली गेली आणि आज पंचगंगा, इंद्रायणीचं काय झालंय ते आपण बघतोच.

मातीतला:
मग मला एक सांगा, परदेशी म्हणून काढायचं तर मिरची काढा, टोमॅटो काढा, दसऱ्याला झेंडू काढा, देवळापुढचा पांढरा चाफा काढा, गुलमोहर काढा. सगळंच बाहेरून आलेलं. घाणेरीवरच का राग? मी भांडायला नाही विचारत, खरंच विचारतोय.

सह्यभटक्या:
प्रश्न बरोबर आहे दादा. परदेशी असणं हा गुन्हाच नाही. झेंडू मेक्सिकोकडचा आहे पण तुम्ही लावला नाही तर डोंगरभर झेंडू होत नाही. गुलमोहर मादागास्करचा, चाफा मध्य अमेरिकेकडचा, लावला तिथे उभा राहतो. माझी कसोटी एकच, तुम्ही लावलेलं झाड तुमच्या कुंपणाच्या आत राहतं का? जे राहतं त्याच्याशी माझं काही भांडण नाही. घाणेरी राहत नाही कारण तिचा वाहतुकीचा धंदा बुलबुलाच्या हातात आहे आणि बुलबुलाला सातबारा दाखवून उपयोग नाही. तुमच्या बांधावर, आजूबाजूला सगळी शेती असेल तर नुकसान कमी. ताईंच्या मागे देवराई आहे, तिथे आठ झाडंही जड जातात.

शेवंती:
तिच्यावर किडा वगैरे सोडत नाहीत का? जलपर्णीवर सोडतात ना?

सह्यभटक्या:
प्रयत्न झालेत, फार जुने. १९४१ साली घाणेरीची पानं शोषणारा एक छोटा ढेकण्या ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणला. चाचणीत तो सागालाही त्रास देतोय असं दिसलं म्हणून तो नष्ट करायचं ठरलं, तोवर तो बाहेर निसटला. आज देशभर सापडतो, पानं सुकवतो, पण पाऊस पडला की घाणेरी परत फुटते.

ब्रिस्बेनवासी:
ऑस्ट्रेलियाचं नाव निघालं म्हणून लिहिते. इथे घाणेरी राष्ट्रीय पातळीवरच्या तणांच्या यादीत आहे, नर्सरीत विकायलाच बंदी. गुरांच्या विषबाधेमुळे इथले शेतकरी तिला जाम घाबरतात. आपल्याकडे मात्र जानेवारीत पुण्याला आले होते तेव्हा रस्त्याच्या दुभाजकावर रांगेने लावलेली बघितली.

पशुवैद्य:
वासराबद्दल थोडं. मातीतला म्हणतात ते अर्धं खरं आहे, ओळखीची गुरं हिरवी घाणेरी सहसा खात नाहीत. खातात कोण, तर उन्हाळ्यात चारा नसताना उपाशी जनावर, बाजारातून नवीन आणलेलं, किंवा लहान वासरू ज्याला अजून कळत नाही. पानात लँटाडीन नावाचं विष असतं, ते लिव्हरवर जातं. जनावर खाणं सोडतं, शेण घट्ट होतं, डोळे-हिरड्या पिवळ्या होतात आणि मग उन्हात उभं राहिलं की नाकाची, कानाची, सडाची पातळ कातडी भाजल्यासारखी सोलते. लिव्हर बिघडल्याने पाल्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारा पदार्थ नीट बाहेर टाकला जात नाही, तो कातडीत साठतो आणि उन्हाने पेटतो. म्हणून पहिला उपाय सावली, दिवसभर गोठ्यात, आणि लगेच डॉक्टर, कारण पोटात राहिलेला पाला विष सोडत राहतो.

छाटलेल्या फांद्या वाळल्या म्हणजे निर्धोक झाल्या असं समजू नका, वाळलेली पानंही विषारीच. जनावर पोचेल तिथे कधीच टाकू नका. मुलांनाही सांगा, हिरवी फळं खायची नाहीत.

तगरताई, तुम्ही हे आता लिहिलंत ते चांगलं केलंत. शेजाऱ्यांशी बोला.

टेकडीवाला:
काढायचं ठरलं तर कसं ते सांगतो, आम्ही दर रविवारी टेकडीवर हेच करतो. जाळायचं नाही आणि नुसतं वरून कापायचं तर अजिबात नाही, कापलं की दुप्पट फुटवे. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी एक साधी पद्धत दाखवलीय, आधी फांद्या कमी करायच्या, मग कुदळीने बुंध्याभोवती उकरून जमिनीच्या थोडं खाली मुख्य मूळ तोडायचं, आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आकाशाकडे, म्हणजे मातीला लागून परत धरणार नाही. फळं असलेल्या फांद्या आधी पोत्यात भरा. दोन दमदार पाऊस झाले की जमीन मऊ होते तेव्हा करा, आत्ता मे मध्ये कुदळ उडेल. त्याआधी प्रत्येक झुडपात डोकावून घरटं नाही ना ते बघा, बुलबुलांचा हंगाम चालू असतो, घरटं असलेलं झुडूप पिल्लं उडेपर्यंत तसंच ठेवा.

आणि हे एका दिवसाचं काम नाही. मातीत बी पडलेलं असतं, पुढचे काही पावसाळे रोपं येत राहणार. ती सगळ्यात जास्त मिळतील पक्षी बसतात त्या झाडांखाली. उंबराखालची चाळीस आत्ता हाताने उपटता येतील, दोन वर्षांनी पहार लागेल. मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नका, लगेच काहीतरी लावा, नाहीतर गाजर गवत येऊन बसेल.

कोकणातली:
टेकडीवाला, काढलेल्या काड्यांचं काय करता?

टेकडीवाला:
वाळवून एका जागी रचतो, गुरं येत नाहीत तिथे. जाड काड्या चिवट असतात, त्यांचं फर्निचर होतं. निलगिरीकडे गुडलूरला आदिवासी कारागीर घाणेरीच्या काड्यांचे खऱ्या आकाराचे हत्ती करतात, २०२१ साली लंडनच्या बागांमध्ये मांडले होते.

तगर:
सगळ्यांचे आभार, तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण आधी घरात बोलायचं होतं.

सासूबाईंना मी भीतभीतच सांगितलं. उंबराखालच्या रोपांचं सांगितलं, वासराचं तर त्यांना माहीतच होतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आमच्या लहानपणी टणटणीची, म्हणजे या घाणेरीचीच, काळी फळं आम्ही रानात खायचो, तेव्हा एखाद-दुसरं झुडूप असायचं, शोधावं लागायचं. आता गाडीतून येताना दोन्ही बाजूला तीच दिसते, मला वाटायचं मी म्हातारी झाले म्हणून मला तसं वाटतंय. आणि मग म्हणाल्या, देवाच्या रानात माझ्यामुळे काही जायला नको, काढ. पण सगळी एकदम काढू नकोस, माझ्यासमोर दोन ठेव, नवीन झाडांना फुलं आली की ही दोनपण काढ.

म्हणून असं ठरलंय, पाऊस पडला की सहा काढायची, दोन ठेवायची, त्या दोघांची फळं मी रोज खुडणार, दोनच आहेत तर जमेल. शेजाऱ्यांकडेही जाऊन आले. वहिनींनी चहा केला, वासरू बांधलेलं होतं, नाकावर नवीन कातडी आलीय, गुलाबी.

मातीतला:
ताई, माझं म्हणणं मागे घेत नाही पण तुमच्या जागी मीपण काढली असती. आमच्या बांधावरची निम्मी ओढ्याकडे आहे, ती या वर्षी बघतो.

तगर:
जुलैची खबर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सहा काढली, दोन गडी घेऊन दीड दिवस गेला. एका झुडपात बुलबुलाचं घरटं निघालं, दोन पिल्लं होती, ते झुडूप थांबवून त्याच्याऐवजी दुसरं काढलं. त्या जागी दोन एक्झोरा, पाच पेंटास, भारंगीची तीन रोपं आणि एक लिंबू लावलंय. ओटा एकदम उघडा पडल्यासारखा झालाय, पहिले काही दिवस सासूबाई खुर्ची आतच ठेवायला सांगायच्या, ते बघवत नव्हतं. देवराईतली रोपं आम्ही आणि शेजारचे वहिनी-भाऊजी मिळून उपटली, सत्तेचाळीस निघाली.

फुलपाखरूवेडा:
पेंटास लवकर फुलेल, गणपतीपर्यंत धीर धरा. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर पुसू नका, ती अळी आहे.

तगर:
दिवाळी झाली, आता लिहिते. पेंटास फुललाय, एक्झोऱ्याला पहिले दोन गुच्छ आले. लिंबावर अळ्या आल्या, अर्धी पानं फस्त केली, सासूबाई भिंग घेऊन बसतात आणि कुठली कुठे गेली ते मला सांगतात. ब्ल्यू मॉरमॉन तीन वेळा दिसलं, आधीपेक्षा कमीच, हे खरं आहे. राहिलेल्या दोन झुडपांपैकी एक परवा त्यांनीच काढायला सांगितलं, दुसरं अजून आहे. उंबराखाली परत जाऊन आलो, नवीन एकोणीस रोपं होती, बोटभर उंचीची.